पंचगंगेच्या काठावरून: नदीचं पाणी स्वतः तपासायला सुरुवात कशी करावी

नदी घाण झाली आहे हे सांगायला यंत्र लागत नाही. उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्यावर उभं राहिलं की नाकच सांगतं. पण ही तक्रार घेऊन कार्यालयात गेलात की समोरून प्रश्न येतो: कुठून आलं, कधी आलं, किती आलं? इथे बहुतेकांची गाडी अडते. शिरोळकर इचलकरंजीकडे बोट दाखवतात, इचलकरंजीकर कोल्हापूरकडे, कोल्हापूरकर साखर कारखान्यांकडे आणि कारखाने पुन्हा शहराकडे. मेलेले मासे पाण्यावर तरंगू लागले की दोन दिवस बातम्या येतात, पंचनामा होतो आणि तोवर ते पाणी नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळून गेलेलं असतं.

म्हणून गावकऱ्यांनी, तरुण मंडळानं किंवा कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी पाणी तपासायचं ते नदीला नापास ठरवायला नव्हे. घाण कोणत्या तोंडातून येते आणि कोणत्या वेळी येते, हे दाखवणारी सलग नोंद तयार करायची. पुढचं सगळं त्यासाठीच आहे. उदाहरणं पंचगंगेची दिली आहेत, पण नदी मुठा असो, गोदावरी असो की गिरणा, पद्धत तीच.

पहिलं काम: चालणे

किट विकत घ्यायची घाई करू नका. आधी आपल्या वाट्याचा काठ चालून घ्या. फेब्रुवारी ते मे हा काळ बरा. पाणी कमी असतं आणि एरवी बुडालेले पाइप उघडे पडतात. प्रयाग चिखलीच्या संगमापासून नृसिंहवाडीपर्यंत नदी सुमारे ८० किलोमीटर आहे. एका गटानं सगळी घ्यायची नाही. तीन-चार किलोमीटरचा पट्टा पुष्कळ झाला.

चालताना मोबाइलच्या नकाशावर खुणा टाकत जा: नदीला मिळणारा प्रत्येक ओढा, गटाराचा पाइप, सांडपाणी केंद्राचं तोंड, कारखान्याची बाजू, धुण्याचा घाट, जनावरं धुण्याची जागा, पाणीपुरवठ्याची जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर), शेतीच्या मोटारी. ओढा बारमाही वाहतो की नाही ते विचारा. मे महिन्यातही जो ओढा वाहतोय त्यात झऱ्याचं पाणी क्वचितच असतं. ते बहुतेक आपलंच सांडपाणी असतं.

काठावरच्या माणसांशी बोला. मासेमारी करणाऱ्यांना, पाणीपुरवठा संस्थेच्या पाटकऱ्याला आणि पहाटे जनावरं घेऊन येणाऱ्यांना पाणी कधी फिरतं हे ठाऊक असतं. 'रविवारी रात्री काळं येतं', 'लाईट गेली की वास सुटतो' अशी वाक्यं तारीख घालून लिहून घ्या. पुढे नमुना कधी घ्यायचा हे त्यावरूनच ठरतं. कोल्हापुरात जयंती नाल्याचं सांडपाणी उपसून कसबा बावड्याच्या ७६ एमएलडीच्या (दिवसाला ७६ दशलक्ष लिटरच्या) प्रक्रिया केंद्रात नेलं जातं; वीज गेली किंवा पंप बंद पडला की ते नदीची वाट धरतं, हे शहरात सगळ्यांना माहीत आहे. अशा ठिकाणी 'लाईट कधी गेली होती' हीसुद्धा पाण्याच्या गुणवत्तेचीच नोंद ठरते.

एक हिशेब इथेच करून ठेवा. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी, हे नियोजनातलं रूढ प्रमाण. म्हणजे १०,००० वस्तीच्या गावातून दिवसाला १० लाख ८० हजार लिटर, साधारण एक एमएलडी. गावाला नळ कमी येत असेल तर आकडा खाली आणा. हा हिशेब आपल्या गावालाही लावा. काठावरच्या बहुतेक गावांची गटारं नदीकडेच उतरतात आणि तिथे कसलंही केंद्र नसतं. वरच्या शहराला जाब विचारायला निघालात तर समोरचा हाच मुद्दा पहिल्यांदा काढणार, तेव्हा तो आधीच आपल्या वहीत असलेला बरा.

जागा ठरवणे

प्रत्येक संशयित ओढ्यासाठी तीन जागा लागतात: ओढा मिळण्याच्या वर नदीत, ओढ्याच्या तोंडाशी आणि खाली पाणी नीट मिसळल्यावर. नुसत्या खालच्या आकड्याला अर्थ नसतो. वरच्या आणि खालच्या आकड्यातला फरक हाच तुमचा माल.

'नीट मिसळल्यावर' म्हणजे कुठे, यात नवखे गट हमखास गोंधळतात. ओढ्याचं पाणी बरंच अंतर नदीच्या एकाच काठाला चिकटून वाहतं. त्याच काठावर नमुना घेतला तर नदी भयंकर दिसते, समोरच्या काठावर घेतला तर स्वच्छ. पुलावरून बादली सोडून डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे वाहकता (क्षारांमुळे पाण्यातून वीज किती वाहते ते) मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे येतात तिथे पाणी मिसळलं असं धरा.

आपल्याकडची दुसरी गोष्ट म्हणजे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. राजाराम, रुई, तेरवाड, शिरोळ; बरगे (बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवायच्या फळ्या) घातले की नदी वाहती राहत नाही, एकामागोमाग तळ्यांची रांग होते. बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्यात हवा मिसळते, त्यामुळे बंधाऱ्याच्या लगेच खाली विरघळलेला प्राणवायू चांगला येतो आणि आपण फसतो. नमुना बंधाऱ्याच्या वर, साठलेल्या पाण्यात घ्या. जमलं तर पृष्ठभागाबरोबर दीड-दोन मीटर खालचाही घ्या. तळाशी साठलेल्या पाण्यात प्राणवायू संपलेला असतो, आणि बरगे काढले की तेच पाणी एकदम खाली सुटतं. 'काल ठीक होतं, आज मासे मेले' यामागे पुष्कळदा हे कारण असतं. बरगे काढण्याची तारीख पाटबंधारे खात्याकडून किंवा बंधाऱ्यावरच्या माणसाकडून आधी काढून ठेवा आणि त्या दिवशी खालच्या दोन जागांवर माणूस उभा करा.

वेळ ठरवणे

आठवड्यातून एकदा, तोच वार, तीच वेळ. हौसेनं रोज सुरू करून पंधरा दिवसांत बंद पडण्यापेक्षा पावसाळा सोडून दर रविवारी वर्षभर चालवलेलं मोलाचं.

वेळ शक्यतो पहाटेची. दिवसा पाण्यातलं शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, म्हणून दुपारी घाण पाण्यातही आकडा फुगून येतो. रात्री तेच शेवाळ प्राणवायू वापरतं आणि सूर्य उगवायच्या सुमारास तो सगळ्यात कमी असतो. मासे पहाटे मरतात ते यामुळे. शासकीय नमुने साहजिकच कार्यालयीन वेळेत घेतले जातात. तुमचा पहाटेचा आकडा त्यांच्याशी जुळला नाही म्हणून कुणी खोटं ठरत नाही, दोन्हीवर वेळ लिहिलेली असली की झालं.

ओढ्याच्या तोंडाशी मात्र सकाळी सात ते दहा गाठा. घराघरांतली आंघोळ-धुणी-भांडी याच वेळी गटारात उतरतात.

ठरलेल्या दिवसांखेरीज काही प्रसंगी जादा नमुने लागतात: वळवाचा पहिला जोरदार पाऊस (नाल्यात साठलेलं सगळं एका दमात नदीत येतं), ऊस गाळप हंगामाची सुरुवात आणि शेवट, विसर्जनानंतरचे दिवस, मोठा वीजखंड, बरगे काढणं. पूर आला की काम पूर्ण बंद. २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या माणसांना याचं कारण सांगायला नको.

डोळे, नाक, वही

प्रत्येक फेरीला काही मोजण्याआधी हे लिहा: तारीख, वेळ, जागा, हवामान, आधीच्या दोन दिवसांत पाऊस, पाणी वाहतं की साठलेलं, बरगे आहेत की नाहीत, रंग, वास, फेस, केंदाळ किती, मासे दिसले का. वासाचं वर्णन 'घाण' असं लिहू नका. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे तळाशी प्राणवायू संपून हायड्रोजन सल्फाइड तयार होतोय. मळीचा गोडूस-आंबूस वास वेगळा, कापड प्रक्रियेच्या रंगपाण्याचा वेगळा, संडासाचा वेगळा. इचलकरंजीच्या काळ्या ओढ्याकाठी वाढलेल्या माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही, फक्त लिहायला लावावा लागतो.

फोटो दरवेळी एकाच जागेवरून, एकाच दिशेला, आणि ठिकाण-वेळ छापणाऱ्या कॅमेरा ॲपनं काढा.

किटमध्ये काय घ्यावं

तापमापक, पीएच मीटर, वाहकता किंवा टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटर, विरघळलेल्या प्राणवायूचं किट, अमोनियाचं किट, हातमोजे, दोरीची बादली. एवढ्यावर सुरुवात होते.

पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) घरगुती सांडपाण्यानं फारसा हलत नाही. तो सहाच्या खाली किंवा नऊच्या वर गेला तर कारखान्याच्या पाण्याचा संशय घ्यायचा. मीटर दर फेरीच्या आदल्या दिवशी ४, ७ आणि ९.२ च्या बफर (पीएच आधीच ठाऊक असलेल्या) द्रावणांत तपासून घ्या. न तपासलेल्या मीटरचा आकडा म्हणजे अंदाज.

टीडीएस मीटरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आरओ विकणाऱ्यांनी या पेनाविषयी भलतेच गैरसमज पसरवलेत. टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध, हे खरं नाही. त्यात क्षार मोजले जातात, जंतू नाहीत. पण नदीकाठी हेच स्वस्त पेन फार उपयोगाचं, कारण सांडपाण्यात क्षार वाढलेले असतात. वरच्या जागी एक आकडा, खालच्या जागी त्याच्या दीडपट, तर मध्ये काहीतरी मिसळलंय. मिनिटभरात पुढची जागा मोजता येते, म्हणून स्रोत हुडकायला याच्याइतकं सोयीचं साधन नाही. शेतकऱ्यांना आणखी एक उपयोग: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात सिंचनाच्या पाण्याला वाहकतेची मर्यादा सेंटिमीटरला २२५० मायक्रोम्हो आहे.

अमोनिया ही ताज्या मैलापाण्याची सही. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं रंग जुळवायचं किट सुरुवातीला चालतं. त्यासोबत पीएच आणि तापमान लिहायला विसरू नका. पीएच जितका जास्त, तितका अमोनिया माशांना घातक.

विरघळलेला प्राणवायू हा सगळ्यात बोलका आकडा. मीटर महाग असतात आणि त्यांची निगा ठेवावी लागते, म्हणून विंकलर पद्धतीचं किट घ्या. काचेची बाटली पाण्याखाली बुडवून अजिबात बुडबुडा न राहता भरा आणि तिथेच बूच लावा. मग मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड ही दोन द्रावणं टाकून बाटली उलटीपालटी करा. गाळ तपकिरी आला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर पाण्यात प्राणवायू नाहीच. शाळेच्या मुलांसमोर हे एकदा करून दाखवा, पुढे भाषण लागत नाही. नंतर आम्ल टाकून गाळ विरघळवायचा, स्टार्च घालून निळा रंग आणायचा आणि थायोसल्फेटचे थेंब मोजत तो निळा रंग घालवायचा. थेंबांवरून लिटरला किती मिलिग्रॅम ते किटच्या तक्त्यात असतं.

आम्ल तीव्र गंधकाम्ल असतं. चष्मा, हातमोजे आणि जवळ साध्या पाण्याचा डबा असल्याशिवाय बाटली उघडायची नाही, आणि हे काम मोठ्यांनीच करायचं. वापरलेलं द्रावण कॅनमध्ये घेऊन कॉलेजच्या प्रयोगशाळेत द्यायचं, नदीत नाही!

आकडा वाचायचा कसा? २५ अंशांच्या पाण्यात, कोल्हापूरच्या उंचीवर, प्राणवायू साधारण पावणेआठ मिलिग्रॅमपर्यंत मावतो. आंघोळीच्या पाण्यात किमान ५ हवा, माशांसाठी किमान ४. दोनच्या खाली बहुतेक मासे तग धरत नाहीत. चिलापी आणि मांगूर तेवढे उरतात.

हायड्रोजन सल्फाइडची बाटलीही लोक हौसेनं आणतात: पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं झालं तर विष्ठेचे जंतू असल्याचा संशय. मैलापाणी वाहणाऱ्या नदीत ती काळी होणारच, त्यात नवीन काही कळत नाही. ती काठावरच्या विहिरी, कूपनलिका आणि गावच्या नळासाठी राखून ठेवा. तिथे ती जीव वाचवू शकते. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, आणि काविळीच्या अशा साथी मैला मिसळलेल्या पिण्याच्या पाण्यातून पसरतात.

दगड उलटून पाहणे

पाण्याचा नमुना त्या क्षणाचं सांगतो, तळाचे किडे मागच्या काही आठवड्यांचं. उथळ, वाहत्या जागी चार-पाच दगड उचलून पांढऱ्या ताटात धुवा. मेफ्लाय, स्टोनफ्लाय या कीटकांच्या पिल्लांना चांगला प्राणवायू लागतो. ती दिसली तर ती जागा अजून बरी आहे. नुसत्या लालभडक अळ्या आणि गाळातले बारीक लाल किडे उरले असतील तर प्राणवायू बरेच दिवस कमी आहे. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, कमी प्राणवायूत तगायला तो उपयोगी पडतो. प्रयाग चिखलीच्या वर कासारी किंवा कुंभी या उपनदीत एकदा आणि इचलकरंजीच्या खाली एकदा हे करा. रात्री टाकलेलं पाणी सकाळपर्यंत निघून जातं, पण ताटातला फरक तसा लपवता येत नाही.

प्रयोगशाळेत काय पाठवावं

बीओडी (घाण कुजवताना जंतू किती प्राणवायू खातात), सीओडी (तीच घाण रसायनानं जाळायला किती लागतो) आणि फीकल कोलिफॉर्म (विष्ठेतले जंतू) घरी होत नाहीत. यांना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली प्रयोगशाळा लागते आणि पैसे लागतात, म्हणून दर आठवड्याला नको. तुमच्या मीटरनं जिथे फरक दाखवलाय त्याच जागा तीन-चार महिन्यांतून एकदा पाठवा.

नमुना घेताना तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, बाटली पृष्ठभागाखाली वीतभर. बीओडीची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची. कोलिफॉर्मची निर्जंतुक बाटली मात्र विसळायची नाही, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही आणि वर थोडी रिकामी ठेवायची. सांडपाणी केंद्राच्या बाहेरच्या तोंडाशी क्लोरीन वापरत असतील तर प्रयोगशाळेकडून थायोसल्फेट घातलेली बाटली मागा, नाहीतर क्लोरीन वाटेतच जंतू मारत राहतो आणि अहवाल खोटा चांगला येतो. बाटल्या थर्माकोलच्या डब्यात बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. बीओडी आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवसांचा काढतात. गुरुवारी नमुना दिला की रविवारी मोजायला कुणी असतं का, ते आधी विचारा.

मर्यादा थोडक्यात: आंघोळीच्या पाण्यात बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत, फीकल कोलिफॉर्म १०० मिलीलिटरमागे ५०० पर्यंत इष्ट आणि २५०० ही कमाल. बीओडी ३ च्या वर गेला की केंद्रीय मंडळ तो पट्टा प्रदूषित धरतं. २०२२ च्या त्यांच्या अहवालात देशात असे ३११ पट्टे होते, त्यातले ५५ महाराष्ट्रात. इतके दुसऱ्या कुठल्याही राज्यात नव्हते.

नोंद कशी टिकवावी

कागदी वही आणि एक्सेल, दोन्ही. वहीत खाडाखोड झाली तर एक रेघ मारून बाजूला सही करा, पान फाडू नका. विचित्र आकडा आला तर तो पुसू नका; पुन्हा मोजा आणि दोन्ही लिहा. दहा नमुन्यांमागे एक नमुना दोन वेगळ्या माणसांकडून मोजून घ्या. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ठरावीक जागांचं पाणी नियमित तपासतं आणि आकडे संकेतस्थळावर टाकतं. तुमच्या जवळची जागा कोणती ते बघून तिथेही त्याच आठवड्यात मोजा. तुमचा कल त्यांच्याशी जुळला तर तुमच्या बाकीच्या जागांनाही वजन येतं.

आकडे हातात आले, पुढे काय

एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २१ मध्ये नमुना कसा घ्यायचा, नोटीस कशी द्यायची, नमुन्याचे भाग करून मोहोर कशी लावायची हे ठरलेलं आहे, आणि ते काम मंडळाच्या अधिकाऱ्याचं. तुमच्या बाटलीवर कारखान्याला किंवा नगरपालिकेला शिक्षा होणार नाही. तुमच्या नोंदीचा उपयोग अधिकाऱ्याला योग्य जागी, योग्य वेळी उभं करायला. 'नदी प्रदूषित आहे, कारवाई करा' या अर्जावर काही होत नाही. 'अमुक ओढ्याच्या तोंडाशी गेल्या आठ रविवारी सकाळी सातला अमोनिया इतका, त्याच्या वर नदीत इतका. येत्या रविवारी सकाळी सातला संयुक्त पाहणी करावी' असा अर्ज, तक्ता आणि फोटोसह, मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात द्या. प्रत महापालिकेला किंवा जिल्हा परिषदेला. पोच घ्या.

माहिती अधिकार वापरा, पण नेमका. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, शुल्क १० रुपये. सांडपाणी केंद्राला मिळालेलं संमतीपत्र, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याची रोजची नोंदवही, आणि उपसा केंद्राच्या पंपांची तासांची नोंद किंवा वीजबिल मागा. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात. पंप किती तास चालला हे विजेच्या युनिटवरून निघतं, आणि त्या तासांना जेवढं पाणी उपसता येतं त्यापेक्षा नाल्यात जास्त असेल तर बाकीचं कुठे गेलं हा प्रश्न आपोआप उभा राहतो. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

पुण्यात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय खंडपीठ आहे. तिथे जाण्याची वेळ आली तर कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत मोजली जाते, तेव्हा वहीतल्या तारखा कामाला येतात.

केंद्रावरच्या ऑपरेटरशी भांडू नका. डिझेल संपलंय, पंप दुरुस्तीला गेलाय हे तोच तुम्हाला सांगतो. कारखान्याच्या हद्दीत शिरू नका, रात्री एकट्यानं नाल्यावर जाऊ नका, हातापायाला जखम असेल तर त्या दिवशी वही सांभाळायचं काम घ्या. लेप्टोस्पायरोसिस अशाच जखमेतून शिरतो.

जूनपासून काम थांबतं तेव्हा मीटरचे सेल काढून ठेवा, बफर आणि किटच्या मुदती तपासा, वर्षाच्या तक्त्यावरून पुढच्या वर्षी कोणत्या जागा सोडायच्या आणि कोणत्या धरायच्या ते ठरवा, आणि नवीन मुलांना वाहत्या स्वच्छ ओढ्यावर हात बसवू द्या. पावसाळा सरल्यावर बंधाऱ्यांना बरगे घातले जातात. ते घालायच्या आधीचा एक नमुना आणि घातल्यानंतर पंधरवड्यानं दुसरा, इथून नवं वर्ष सुरू करा.